दर वेळी वेगळे डॉक्टर का?

"मॅडम, एक विचारू का? तुमच्याकडं पण डॉक्टर बदलत असतात का?"

गेल्या महिन्यात खुर्चीवर बसता बसता एका काकांनी मला हे विचारलं. काका कोरेगावजवळच्या एका खेड्यातले, आल्याची शेती करणारे. खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट राहिलं म्हणून माझ्याकडं आले होते. एका मोठ्या क्लिनिकमध्ये पहिल्या वेळी एका मॅडमनी दाढ उघडली. दुसऱ्या वेळी एक सर होते, त्यांनी "अजून एकदा यावं लागेल" म्हणून औषध भरून पाठवलं. तिसऱ्या वेळी तिसऱ्याच मॅडम. त्या म्हणाल्या, आधीचं काय केलंय ते मला कळत नाहीये, परत पहिल्यापासून बघावं लागेल. मग काका पुन्हा गेलेच नाहीत. चार महिन्यांत वरचं तात्पुरतं सिमेंट निघालं, दाढेची एक भिंत तुटली, आणि एका रात्री सूज आली तेव्हा मुलानं त्यांना गाडीवर घालून आणलं. हातात पैसे भरल्याच्या तीन पावत्या. कुठल्या मुळात किती काम झालं याचा कागद एकही नाही.

मी त्या क्लिनिकला फोन केला. मालक डॉक्टर माझ्या ओळखीचे निघाले. म्हणाले, "अहो, ती पहिली मुलगी न सांगता गेली. दुसऱ्याला पीजीला नंबर लागला. मी तरी काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं.

काकांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. दातांच्या दवाखान्यात माणसं कुठून येतात, का जातात, त्यांना किती आणि कसे पैसे मिळतात, याबद्दल पेशंटला कुणी काही सांगत नाही. तो आमचा धंद्याचा आतला मामला समजला जातो. पण त्याचा परिणाम तुमच्या तोंडात होतो. तेव्हा आज दात कसे घासावेत वगैरे बाजूला ठेवून या विषयावर लिहिते.

आधी डॉक्टरांकडून सुरुवात करू. बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढं एमडीएस करायचं तर आणखी तीन वर्षं. आपल्या देशात ३०० हून अधिक डेंटल कॉलेजं आहेत आणि दर वर्षी बीडीएसच्या २५ हजारांपेक्षा जास्त जागा असतात. यातली बहुतेक कॉलेजं खासगी आहेत. महाराष्ट्रात बरीच वर्षं मुंबई, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद अशी तीन सरकारी आणि मुंबई महापालिकेचं नायर, एवढाच स्वस्तातल्या शिक्षणाचा आधार होता. बाकीच्यांनी फी भरून, बऱ्याच जणांनी कर्ज काढून शिकायचं.

आणि शिकून झाल्यावर? एमबीबीएस झालेल्याला निदान प्राथमिक आरोग्य केंद्र तरी असतं. आपल्या गावातल्या आरोग्य केंद्रात दातांचे डॉक्टर तुम्ही कधी बघितलेत? तिथं ते पदच नसतं. जिल्हा रुग्णालय, काही उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, सैन्यदलाचं डेंटल कोअर, रेल्वेची थोडी पदं, आणि कॉलेजात शिकवणं. एवढ्यावर सरकारी-निमसरकारी नोकरी संपते. उरलेल्या सगळ्यांनी एकतर स्वतःचा दवाखाना टाकायचा, नाहीतर दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करायचं. दवाखाना टाकायचा तर खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, जागेचं डिपॉझिट, सगळा खर्च पहिला पेशंट यायच्या आधीचा. म्हणून बहुतेक जण दुसऱ्याकडून सुरुवात करतात. आम्ही त्याला 'असोसिएट' म्हणतो.

ही नोकरी मिळते कशी? माझ्या वेळी, म्हणजे २००४ साली, ती मटेरियल डीलरकडून कळायची. आमचं सिमेंट, इंजेक्शनं, बर घेऊन दवाखान्या-दवाखान्यात फिरणारा माणूस हा आमच्या धंद्यातला वधू-वर सूचक मंडळवाला. कुणाला हाताखाली डॉक्टर हवाय, कुणाची खुर्ची विकायची आहे, कोण कुणावर चिडून निघून गेलंय, सगळं त्याला ठाऊक. दुसरा खबऱ्या म्हणजे लॅबचा पोरगा, जो तुमच्या कॅपांची मापं न्यायला येतो. आता हे काम व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतं. तिथल्या जाहिराती एकदा तुम्ही वाचायला हव्यात. "बीडीएस पाहिजे, फ्रेशर चालेल, अनुभव असल्यास प्राधान्य, लेडी डेंटिस्ट प्रेफर्ड, लोकल असावी, वेळ सकाळी १० ते रात्री ९, पगार मुलाखतीत." रात्री ९ पर्यंत! आणि खाली एक ओळ, "लग्न ठरलेलं असल्यास आधी कळवावे." डॉक्टर शोधताहेत की सून, असं वाटतं.

पगार मुलाखतीत म्हणजे किती? माझा पहिला पगार ६ हजार रुपये होता. आज आमच्या भागात नुकत्याच पास झालेल्या मुलांकडून जे आकडे कानावर येतात ते १२ ते १८ हजारांच्या आसपासचे असतात. कर्जाचा हप्ता कधी कधी त्याहून मोठा असतो. मग ती मुलं वर्षभरात कंटाळतात. कुणी पीजीच्या परीक्षेला बसतं, कुणी अमेरिकेच्या परीक्षांची तयारी करतं, कुणी मेडिकल कोडिंगच्या कंपनीत जातं. तिथं संगणकावर बसून इन्शुरन्सच्या कागदांवर आजारांचे कोड घालायचे. माझ्याबरोबरची एक अत्यंत हुशार मैत्रीण, जिचा हात माझ्यापेक्षा हलका होता, आज तेच करते. तिची दया करायचं कारण नाही. शनिवार-रविवार सुट्टी असते तिला, मला नसते.

काकांची पहिली मॅडम बहुधा अशीच कुठंतरी गेली असेल.

पण डॉक्टर निघून जाण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तो राहतो तेव्हा त्याला पैसे कसे मिळतात याची. आमच्याकडं दोन पद्धती आहेत. एक ठरलेला पगार. दुसरी टक्केवारी, म्हणजे तुम्ही जेवढं काम कराल त्याच्या बिलातून लॅबचा खर्च वजा करून ३० टक्के, ४० टक्के, जे ठरेल ते. बाहेरून ठरलेल्या दिवशी येणारे तज्ज्ञ बहुतेक टक्केवारीवरच येतात. असोसिएटला बऱ्याच ठिकाणी थोडा पगार आणि वर टक्केवारी असं मिश्रण असतं.

मी स्वतः टक्केवारीवर काम केलंय. पुण्याच्या एका उपनगरात, क्लिनिकचं नाव सांगत नाही. महिन्याच्या शेवटी मालक वही उघडून बसायचे. "फिलिंग चौदा आणि रूट कॅनल फक्त तीन? केसेस नीट बघत नाहीस का?" ओरडायचे नाहीत, हसत हसत विचारायचे. त्या वहीचा माझ्यावर काय परिणाम झाला ते एका पेशंटमुळं मला कळलं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, दाढेला खोल कीड. थंड लागलं की कळ यायची आणि लगेच थांबायची, रात्री दुखत नव्हतं. अशा दाताची नस बऱ्याचदा वाचवता येते. कीड जपून काढायची, नसेजवळ औषधाचा थर द्यायचा, वरून भरायचं आणि काही महिने लक्ष ठेवायचं. मी तिला रूट कॅनल आणि कॅप सांगितली. तिच्या वडिलांनी पैसे कुठून तरी आणून भरले.

ते चुकीचंच होतं का? आजही मला ठामपणे सांगता येत नाही. कीड खोल होती, नस पुढं मेलीही असती. कागदावर माझा निर्णय कुणीही चूक ठरवू शकणार नाही. पण एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे, की त्या क्षणी माझ्या डोक्यात दाताबरोबर वहीसुद्धा होती. दंतवैद्यकात असे सीमारेषेवरचे दात रोज येतात. भरायचं की नस काढायची, काढायचा की ठेवायचा, कॅप आत्ता की सहा महिन्यांनी. डॉक्टर लबाड असायची गरजच नाही. पारडं दोन्हीकडं सारखं असताना टक्केवारी हळूच एका बाजूला बोट टेकवते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दवाखान्यात रोज बसणाऱ्या डॉक्टरला ठरलेला पगार असावा आणि तो घर चालेल एवढा असावा. मी गेली आठ वर्षं तसंच करते. माझे बरेच व्यवसायबंधू मला सांगतात की अशानं माणूस आळशी होतो, टक्केवारी असली की मन लावून काम करतो. होतो एखादा आळशी. एकाला मी काढलंही. पण आळशी डॉक्टरनं भरून सोडलेला दात पुढं दुखला तर नंतर रूट कॅनल करता येतं. घाईनं काढलेली नस परत घालता येत नाही.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांबद्दल मात्र गैरसमज नको. "यांचा स्वतःचा डॉक्टर नाही, बाहेरून बोलावतात" असं नाक मुरडणारे पेशंट मला भेटतात. उलट आहे. साताऱ्यासारख्या ठिकाणी रूट कॅनलचा एमडीएस, तारा लावणारा ऑर्थोडॉन्टिस्ट, अक्कलदाढ काढणारा सर्जन, हे सगळे एका दवाखान्यात रोज बसणं परवडूच शकत नाही. ते बॅग घेऊन कराड, वाई, फलटण असे फिरतात, महिन्याच्या ठरलेल्या रविवारी तुमच्याकडं येतात. त्यामुळं तुमचा पुण्याचा हेलपाटा वाचतो. प्रश्न तज्ज्ञ बाहेरचा असण्याचा नाही. तो पुढच्या रविवारपर्यंत नसताना दात दुखला तर जबाबदार कोण, हा आहे. माझ्या मते, ज्याच्या दवाखान्याची पाटी, तो.

तुम्ही काय करायचं? काम सुरू व्हायच्या आधी सरळ विचारा: माझं काम कोण करणार, ते पुढच्या वेळी असणार का, नसले तर कोण बघणार. यात अपमान नाही. गवंडी बदलला तर घर बांधताना आपण विचारतोच ना? डॉक्टरांचं नाव आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांकही विचारायला हरकत नाही, प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरला तो असतो. रूट कॅनल एकापेक्षा जास्त वेळा बोलावून होणार असेल तर प्रत्येक वेळी काय झालं ते दोन ओळींत लिहून मागा आणि एक्स-रेचा फोटो मोबाईलवर घेऊन ठेवा. खालच्या दाढेला साधारण तीन नळ्या असतात, कधी चार. कुठल्या नळीत किती लांबीपर्यंत काम झालंय हे लिहिलेलं असेल तर तिसऱ्या डॉक्टरलाही पुढचं काम करता येतं. काकांकडं तेवढा कागद असता तर त्यांची दाढ पहिल्यापासून उघडावी लागली नसती.

आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडं येऊ. तोंडातली लाळ ओढणारी नळी धरणारी, सिमेंट कालवणारी, तुमचा हात हळूच धरणारी ती मुलगी. तुम्ही तिला सिस्टर म्हणता. ती नर्स नसते. आम्ही असिस्टंट म्हणतो. दंतवैद्यांच्या १९४८ च्या कायद्यानं तीन जणांच्या नोंदणीची सोय केली: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. हायजिनिस्ट म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण घेऊन दात स्वच्छ करण्याचं काम करू शकणारी व्यक्ती. आपल्याकडं त्या इतक्या कमी आहेत की मी आजवर माझ्या दवाखान्यासाठी एकही मिळवू शकले नाही. आणि असिस्टंट? तिला या नोंदणीत जागाच नव्हती. त्यामुळं कुणालाही असिस्टंट म्हणून ठेवलं जातं. मात्र तिनं तुमच्या दातांवर मशीन चालवायचं नाही, दात साफ करायचे नाहीत, हेही त्यातच आलं. कुठं तसं होताना दिसलं तर तोंड मिटून घ्या आणि डॉक्टर कुठं आहेत ते विचारा.

दहावी-बारावी झालेली, जवळपास राहणारी, संध्याकाळी साडेआठला एकटी घरी जाऊ शकेल अशी मुलगी आम्ही शोधतो. कामवाल्या मावशींच्या ओळखीतून, शेजारच्या मेडिकलवाल्याला सांगून, काचेवर 'मुलगी पाहिजे' असा कागद चिकटवून. मुलाखतीत मी पूर्वी दोनच प्रश्न विचारायचे. रक्त बघून चक्कर येते का, आणि किती दिवस टिकशील. दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर आजवर एकीनंच दिलं: "लग्न ठरेपर्यंत, मॅडम." चार वर्षं टिकली ती.

तुम्हाला वाटतं तुमची सुरक्षितता डॉक्टरच्या डिग्रीवर आहे. अर्धी आहे. उरलेली अर्धी या मुलीच्या हातात असते, आणि तीही तुम्हाला दिसत नाही अशा मागच्या खोलीत. तुमच्या आधीच्या पेशंटच्या तोंडातून निघालेलं प्रत्येक हत्यार आधी घासून धुवायचं, कारण रक्त चिकटलेलं असेल तर वाफ आतपर्यंत पोहोचत नाही. मग वाळवायचं, पाकिटात सील करायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचं. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं, पाकिटात असेल तर आणखी जास्त. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला का ते बघायचं. नुसतं पाण्यात उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात. शेवटी कचरा वेगळा करायचा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. हे सगळं दिवसाला पंधरा-वीस वेळा, आणि बाहेर पेशंट "अजून किती वेळ" म्हणत असताना. घाईच्या दिवशी दहा मिनिटं वाचवायची तर ती इथंच वाचतात. ती न वाचवणारी मुलगी मिळणं हे मला चांगला डॉक्टर मिळण्यापेक्षा अवघड वाटतं.

आणि तिला आम्ही पगार देतो कपड्याच्या दुकानातल्या मुलीएवढा. कधी कधी त्याहून कमी.

आता माझी चूक सांगते. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगी कामाला होती, जेमतेम सहा महिने झाले होते. चटपटीत, हसरी, पेशंटना आवडायची. एका संध्याकाळी गर्दी होती. मी एका पेशंटला भूल देऊन सुई तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि दुसऱ्या खुर्चीकडं गेले. ट्रे आवरताना तिनं सुईवर टोपण लावायचा प्रयत्न केला आणि सुई तिच्या बोटात गेली. तिनं मला सांगितलं नाही. बोट चोखलं, हातमोजा बदलला आणि काम करत राहिली. दोन तासांनी दवाखाना बंद करताना सहज म्हणाली, "मॅडम, सुई टोचली होती जराशी."

मी विचारलं, हिपॅटायटिस बीची लस घेतलीयेस का? तिला ते काय असतं हेच माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. माझी स्वतःची लस कॉलेजात असताना झाली होती. तिला द्यायची राहून गेली होती. खरं म्हणजे "टिकते का बघू, मग देऊ" असं मी मनाशी म्हटलं होतं.

सुई टोचली की काय होऊ शकतं ते वाचकांनाही माहीत असावं. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्या माणसानं लस घेतलेली नसेल तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के इतकी असते. एचआयव्हीची शक्यता त्या मानानं फार कमी, साधारण ०.३ टक्के. लोक घाबरतात एचआयव्हीला, पण खरी भीती बाळगायची ती हिपॅटायटिस बीची, आणि त्यावर तर लस आहे. टोचल्यावर जखम साबण-पाण्यानं धुवायची, दाबायची नाही, चोखायची तर अजिबात नाही. लगेच हॉस्पिटलला जायचं. एचआयव्हीविरुद्धची औषधं लागली तर ती ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीसाठी लस आणि गरज असेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन.

रात्री दहा वाजता मी त्या पेशंटला फोन केला. गृहस्थ भले होते, कुठलेही आढेवेढे न घेता सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आले. (उपाशीपोटी यायची गरज नव्हती, पण कोण सांगणार.) त्यांचे रिपोर्ट निर्धोक आले. मुलीलाही पुढच्या तपासण्यांत काही निघालं नाही. पण ती परत कामावर आली नाही. तिची आई आली होती हिशोब घ्यायला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. आम्हाला काय माहिती असणार."

तेव्हापासून माझ्याकडं नवीन मुलगी आली की लसीचा पहिला डोस आधी आणि खुर्चीजवळचं काम नंतर. दुसरा डोस एक महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात, मग रक्तातली प्रतिपिंडं तपासायची. ती मध्येच सोडून गेली तर जाऊ दे, लस तिच्या अंगात राहील. वापरलेल्या सुईला माझ्या दवाखान्यात असिस्टंट हात लावत नाही. ज्यानं इंजेक्शन दिलं त्यानंच ती जागच्या जागी डब्यात टाकायची, मग तो डॉक्टर कितीही मोठा असो. एका पाहुण्या तज्ज्ञांना याचा राग आला होता. ते आता येत नाहीत.

यातला तुमचा भाग राहिला. पेशंट मला म्हणतात, "मॅडम, पलीकडच्या गल्लीत दात साफ करायचे निम्मेच पैसे घेतात." घेत असतील. स्वस्त म्हणजे वाईट आणि महाग म्हणजे चांगलं असं काही नसतं, संगमरवरी रिसेप्शनमागची धुण्याची खोलीही मी बघितलेली आहे. पण एकमेकांच्या शर्यतीत दर खाली येतात तेव्हा भाडं कमी होत नाही, विजेचं बिल कमी होत नाही. कमी होतो तो मागच्या खोलीतल्या मुलीचा पगार आणि एका पेशंटनंतर बदलायच्या गोष्टींची संख्या. म्हणून दर विचारताना एकदा हेही विचारा, की माझ्यासाठीची हत्यारं पाकीट माझ्यासमोर फोडून काढाल का. आनंदानं "हो" म्हणणारा दवाखाना दर थोडे जास्त घेत असेल तर त्याला घासाघीस करू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. संध्याकाळी ६ ते ९ या वेळेतच सगळ्यांना दात दाखवायचे असतात. आमच्या बॅचमध्ये मुली जास्त होत्या, आजही बऱ्याच कॉलेजांत तसंच आहे. पण दवाखान्याची खरी वेळ नेमकी तीच, जेव्हा घरी मुलांना अभ्यासाला बसवायचं असतं, स्वयंपाक असतो, सासूबाईंची औषधं असतात. मग शिकलेली, कर्ज फेडलेली, हात बसलेली डॉक्टर घरी बसते आणि जाहिरातीत "रात्री ९ पर्यंत" वाचून पान उलटते. मागच्या वर्षी माझ्याकडं अशी एक जण आली. सहा वर्षांचा खंड होता. तीन ठिकाणी तिला त्या खंडाबद्दलच विचारत बसले होते, दात काढता येतात का हे कुणी विचारलंच नाही. मी तिला सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन ही वेळ दिली. अडचण एकच होती, सकाळी पेशंट येईनात. मग मी निवृत्त मंडळी, शेतकरी, घरी असणाऱ्या बायका यांना सरळ सांगायला लागले, की सकाळी या, गर्दी नसते, हत्यारं धुवायला घाई नसते आणि मॅडम निवांत बघतात. आता सकाळची वही भरायला लागलीये. तुम्हाला जमत असेल तर सकाळची वेळ मागून बघा.

काकांची दाढ त्याच मॅडमनी केली. चार नळ्या निघाल्या. आधीच्यांना चौथी सापडलीच नव्हती. म्हणूनच बहुधा "अजून एकदा यावं लागेल" चाललं होतं. तिनं तीन सकाळी घालवल्या, तिन्ही वेळा ती स्वतः होती, आणि काकांच्या वहीत प्रत्येक नळीची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून दिली. कॅपचं माप गेल्या मंगळवारी लॅबला गेलं. माप न्यायला आलेला लॅबचा पोरगा दारात रेंगाळला आणि म्हणाला, "मॅडम, त्या अमक्या सरांना असोसिएट पाहिजे. या मॅडम संध्याकाळी बसतील का हो? जास्त देतो म्हणालेत."

मी त्याला म्हटलं, तिलाच विचार. तिनं आत हातमोजे काढता काढता ऐकलं होतं. "सकाळी देतायत का विचार," ती म्हणाली, "आणि पगार की टक्के, तेही विचार."